जे पुन्हा मिळणार नाही, त्याला कात्री लावू नका

वाचकाचे पत्र (सारांश): मुंबईच्या एका उपनगरात राहणाऱ्या आणि बँकेत नोकरी करणाऱ्या चाळिशीतल्या एका वाचक भगिनींना २०२० च्या टाळेबंदीत कागदाचा छंद लागला. जुन्या धाटणीचे कागद त्या दर महिन्याला मागवत राहिल्या. त्यांत पिवळसर छटेची हिशेबाची पाने आहेत, फुलापानांची शास्त्रीय चित्रे आहेत, रेल्वे तिकिटांच्या प्रतिकृती आहेत आणि लाखेच्या मोहरेसारखे दिसणारे स्टिकर आहेत. सोबत चाळीसएक चित्रांचे प्रिंट जमले, आणि हाताने बांधलेली २३ चिमुकली पुस्तकेही जमली. त्यांतली ६ त्यांनी स्वतः शिवली आहेत. आता घर बदलायचे आहे, नवे घर लहान आहे आणि पलंगाखालच्या ११ खोक्यांना यजमान ‘विकत आणलेली रद्दी’ म्हणतात. त्यातच सांगलीजवळच्या माहेरच्या घरी आजोबांची ट्रंक उघडली गेली. तीत जुने दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पोस्टकार्डे, मोडीतली एक चोपडी आणि सरस्वतीचे एक जुने छापील चित्र निघाले. भाऊ ते सारे रद्दीत देणार आहे. ‘हा खराखुरा जुना कागद कापून त्याची चिमुकली पुस्तके करावीत असे वाटते, पण कात्री उचलली की हात थांबतो. विकत आणलेले सुंदर कागदही माझ्याच्याने कापवत नाहीत. हा छंद आहे की साठवण्याचा रोग? यातून कधी पैसे उभे राहतील का? ठेवावे काय आणि काढावे काय?’ असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

बाकीचे सगळे नंतर. हे उत्तर वाचून होताच भावाला फोन करा आणि तुम्ही स्वतः पाहिल्याशिवाय ट्रंकेतला एकही कागद घराबाहेर जाऊ देऊ नका असे सांगा. खोक्यांचा, यजमानांचा आणि नव्या घरातल्या जागेचा प्रश्न पंधरा दिवसांनीही सोडवता येईल, पण किलोच्या भावाने गेलेली चोपडी परत आणता येणार नाही. भावावर रागावू नका. त्याला तो पसारा दिसतो आणि तो आवरण्याचे काम त्याच्याच अंगावर पडले आहे, हे लक्षात ठेवून बोललात तर तो दोन आठवडे सहज थांबेल.

आता तुमचा थांबणारा हात. तुम्ही तो दुबळेपणा समजता आहात, मला मात्र तो शहाणा वाटतो. फक्त तो सगळ्याच कागदांपुढे सारखाच थांबतो, एवढीच त्याची चूक आहे. तुमच्या पत्रात एक गृहीतक सुरुवातीपासून शेवटपर्यंत पसरलेले दिसते, ते म्हणजे ट्रंकेतले ते अस्सल आणि खोक्यांतले ते नक्कल, आणि म्हणून अस्सल कागदाचे पुस्तक केले तर आपल्या छंदाला काहीतरी वजन येईल. ही विभागणी वाटते तितकी पक्की नाही. ट्रंकेतल्या सरस्वतीकडेच पाहा. ते चित्र ज्या जातीचे असावे, त्या जातीची चित्रे मुळात नकलाच होत्या. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, तो तैलचित्र विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरांत त्याच चित्राची छापील प्रत पोहोचावी म्हणूनच. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून चित्र छापायचे आणि वर व्हार्निश चढवून ते तैलचित्रासारखे भासवायचे, अशी ती रीत होती. त्याच्याही आधी, १८७८ साली, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात काढलेल्या चित्रशाळेने देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची शिळाछापाची चित्रे घरोघर नेली होती. ज्यांच्यापुढे आपल्या पणज्यांनी उदबत्ती लावली, ती चित्रे स्वस्त छापील प्रती होत्या, आणि त्यामुळे त्यांचे मोल कमी झाले नाही. तेव्हा जुन्या वळणाचा नवा कागद आवडतो याची लाज तुम्ही बाळगू नये.

अस्सल आणि नक्कल ही कसोटी बाजूला ठेवली, तर तुमच्या कामाची दुसरी कसोटी उरते: हे पुन्हा मिळेल का? जे पुन्हा मिळेल ते साहित्य, मग ते कितीही देखणे असो. जे पुन्हा मिळणार नाही तो संग्रह, मग ते कितीही फाटके असो. रेल्वे तिकिटांच्या प्रतिकृतींचे पाकीट हजारोंनी छापलेले असते, ते उद्याही मिळेल, आणि ते कापण्यासाठी व चिकटवण्यासाठीच छापलेले आहे. उलट, आजोबांच्या लग्नाच्या पत्रिकेच्या किती प्रती आज शिल्लक असतील? बहुधा ही एकच. तुमची अडचण अशी झाली आहे, की गेली काही वर्षे तुम्ही साहित्य संग्रहासारखे जपत आलात आणि आता संग्रह साहित्यासारखा कापायला निघाला आहात. साहित्य जपून ठेवल्याने ते संग्रह होत नाही; ते फक्त न वापरलेले साहित्य राहते, आणि त्याच्याकडे पाहिले की अपराधी वाटत राहते.

‘रद्दी’ या शब्दाबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण तो तुम्हाला फार लागलेला दिसतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचे मुद्रक जॉन जॉन्सन यांनी आयुष्यभर जाहिराती, तिकिटे, हस्तपत्रके, मालावरची लेबले, म्हणजे वापर संपला की कचऱ्याच्या टोपलीत जाणारा छापील कागद जमवला. तो संग्रह १९६८ साली तिथल्या बोडलियन ग्रंथालयात गेला आणि आज अभ्यासक तो पाहायला दुरून येतात. आपल्याकडेही गिरणीच्या कापडाच्या ताग्यांवरची रंगीत चित्रे आणि काडेपेटीवरची चित्रे मनापासून जमवणारी माणसे आहेत. तेव्हा रद्दी जमवणे हा काही वेडगळ उद्योग नव्हे. मात्र जॉन्सन यांनी जे जमवले ते निवडून, लावून ठेवले होते, आणि तुमच्या यजमानांचा आक्षेप तुमच्या आवडीवर नसून न लावलेल्या ११ खोक्यांवर असण्याची शक्यता मला बरीच वाटते. तिसऱ्या खोक्यात काय आहे हे ते न उघडता तुम्हाला सांगता येते का, हे स्वतःला विचारून पाहा. येत नसेल, तर यजमानांचे म्हणणे निदान त्या खोक्यापुरते तरी खरे आहे.

हा रोग आहे का, असे तुम्ही विचारले आहे. छंदापायी घरखर्चाला ओढ बसत असेल, पार्सले घरच्यांपासून लपवावी लागत असतील, किंवा एखादे रिकामे पाकीट टाकतानाही जीव कासावीस होत असेल, तर समुपदेशकाशी जरूर बोला; त्यात कमीपणा काहीच नाही. तुमच्या पत्रात यांतले एकही लक्षण मला दिसले नाही. दिसते ते एवढेच, की दिवसभर बँकेतल्या आकड्यांत राहिल्यावर रात्री नव्या कागदाचे पाकीट उघडण्यात जो आनंद मिळतो, तो पुस्तक शिवण्याच्या आनंदाहून सोपा आहे आणि त्याला वेळही लागत नाही. म्हणून तीन महिने काही विकत घेऊ नका आणि त्या तीन महिन्यांत आहे त्यातून चार पुस्तके पुरी करा. चौथ्या पुस्तकापर्यंत आपण कोणता कागद खरोखर वापरतो हे तुमचे तुम्हालाच कळेल. पुष्कळदा तो सर्वांत साधा निघतो.

पैशांचे उत्तर थोडक्यात देते. मोठ्या संख्येने छापलेल्या जुन्या धाटणीच्या कागदांना पुनर्विक्रीची किंमत जवळजवळ नसते, त्यामुळे ते गुंतवणूक म्हणून धरून ठेवू नका. न उघडलेली पाकिटे एखाद्या शाळेच्या चित्रकला शिक्षकांना किंवा छंद असलेल्या मैत्रिणीला देऊन टाका. प्रिंटच्या बाबतीत पाहायचे ते असे: कडेला पेन्सिलीने ‘५/५०’ (पन्नास प्रतींपैकी पाचवी) असा क्रमांक आणि चित्रकाराची सही असेल, तर ती मर्यादित आवृत्तीतली प्रत आहे आणि ती जपावी. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन रंग तपासा. निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची नियमित, फुलासारखी रचना दिसली तर ती ऑफसेटची, म्हणजे आधुनिक यंत्रावरची छपाई आहे. जुन्या शिळाछापात ठिपके आणि रेघा अनियमित, हाताने टिपल्यासारख्या दिसतात. बाजारात ‘शंभर वर्षे जुने’ म्हणून विकल्या जाणाऱ्या देवादिकांच्या चित्रांपैकी काही या एका भिंगाखालीच उघडी पडतात. भिंग हा काही अंतिम निवाडा नव्हे, कारण इंकजेट प्रिंटरचे बारीक तुषारही अनियमित दिसतात. म्हणून कागदाची जात, मागची बाजू आणि खालच्या कडेवरचे छापखान्याचे नावही पाहावे. तुमची सरस्वती याच पद्धतीने तपासा. ती फ्रेममध्ये असेल तर जुनी फ्रेम उघडताना घाई करू नका, कारण व्हार्निश कधीकधी काचेला चिकटलेले असते.

या निमित्ताने माझा एक मूर्खपणा सांगून टाकते. आजीच्या देवघरातले एक जुने दिनदर्शिकेवरचे चित्र मी कौतुकाने लॅमिनेट करून घेतले. काही वर्षांत ते आतून पिवळे पडत गेले, आणि आता प्लास्टिक काढावे तर चित्रच सोलून निघेल. तेव्हा लॅमिनेशन नको आणि फाटलेल्या जागी सेलोटेपही नको, कारण तिचा चिकटा कागदात उतरतो आणि कायमचा तपकिरी डाग ठेवतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बराचसा कागद लाकडाच्या लगद्यापासून होऊ लागला आणि त्यात तुरटी व राळ वापरली जाऊ लागली. त्या आम्लामुळे तो कागद आपोआप पिवळा आणि ठिसूळ होत जातो. मोडीतली चोपडी जुन्या हातकागदावर असेल, तर ती तुमच्या १९५० नंतरच्या दिवाळी अंकांपेक्षा धडधाकट निघण्याची शक्यता आहे, आणि हे पाहून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटते. दोन गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवायच्या: ट्रंकेतला कागद आणि चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला तुमचा कागद. चहातले आम्ल शेजारच्या पानात उतरते. वर्तमानपत्राची कात्रणेही पत्रांना चिकटून ठेवू नयेत, याचे कारण तेच.

आपल्या हवेत खरा शत्रू पावसाळा आहे. कागद बाहेरच्या भिंतीला लागून किंवा थेट फरशीवर ठेवू नका, आणि स्वस्त पीव्हीसीची पाकिटे वापरू नका. पॉलिएस्टरची किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या, नाहीतर आम्लरहित कागदात गुंडाळा. कसर लागलेली दिसली तर तो गठ्ठा आधी बाकीच्यांपासून वेगळा काढा. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकवून ठेवण्यापेक्षा वेखंडाच्या पुरचुंड्या जवळ ठेवण्याची जुनी रीत मला बरी वाटते. तिने कसर मरत नाही, पण आपण पुरचुंडी बदलायला दर दोन महिन्यांनी कपाट उघडतो आणि उघडले की काय बिघडले ते दिसते. पोथ्या कापडात गुंडाळून ठेवायचे ते बासन आज फक्त ‘बासनात गुंडाळणे’ या वाक्प्रचारात उरले आहे आणि तिथे त्याचा अर्थ एखादा विषय सोडून देणे असा होतो. जुन्या माणसांनी ते धूळ आणि प्रकाश अडवण्यासाठी वापरले होते. प्रकाशाचेही तसेच आहे: संग्रहालये कागदावरची चित्रे साधारण ५० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) इतक्या मंद उजेडात मांडतात, तेव्हा समोरच्या खिडकीतून ऊन येणाऱ्या भिंतीवर सरस्वती लावू नका.

ट्रंकेतले सगळे तुम्हीच ठेवले पाहिजे असेही नाही. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ सालापासूनची आहे, पण सगळ्या अंकांचे सगळ्या वर्षांचे संच सगळीकडे नाहीत. म्हणून वर्षे आणि नावे यांची यादी करून जवळच्या जुन्या ग्रंथालयाला आधी विचारा. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आहे आणि मुंबईचे १८९८ चे, तुम्हाला दोन्ही दूर नाहीत. त्यांच्याकडे ते अंक आधीच असतील तर ते नम्रपणे नकार देतील, आणि मग तुम्हीही निःशंक मनाने निर्णय घेऊ शकाल. मोडीतली चोपडी कुणाकडून तरी वाचून घेतल्याखेरीज तिचे काहीही करू नका. ती वाणसामानाची असेल, नाहीतर गावच्या जमिनीच्या व्यवहाराची. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या परिसरात मोडी वाचणारी माणसे भेटतात. परदेशातल्या ज्या वाचकांना घरची जुनी पोथी कुरियरने मागवावीशी वाटते, त्यांच्यासाठी एक इशारा: १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपत्ती कायद्याप्रमाणे ऐतिहासिक, साहित्यिक, शास्त्रीय किंवा सौंदर्यदृष्ट्या मोलाची हस्तलिखिते ७५ वर्षांनंतर पुरावस्तू ठरतात, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

आता चिमुकली पुस्तके, ज्यांच्याबद्दल तुम्ही सर्वांत कमी लिहिले आहे आणि ज्यांच्यात मला सर्वांत जास्त रस आहे. ‘हा पोरखेळच’ असे तुम्ही एका वाक्यात म्हणून गेलात. असेलही. शार्लट ब्रॉन्टे आणि तिच्या भावंडांनी १८२९–३० च्या सुमारास कागदाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची, आपल्या खेळण्यातल्या शिपायांना वाचता येतील इतकी लहान पुस्तके केली, ती खरोखरच पोरखेळ म्हणून केली होती; आज ती काचेआड आहेत. विंडसरच्या किल्ल्यात राणी मेरीचे बाहुलीघर आहे, १९२४ साली पुरे झालेले आणि बारास एक या प्रमाणातले. त्याच्या ग्रंथालयासाठी त्या काळच्या नामवंत लेखकांनी स्वतःच्या हाताने इवल्या पुस्तकांत लिहिले. ग्लासगोच्या डेव्हिड ब्राइस यांनी धातूच्या डबीत भिंगासह मिळणारे बोटभर कुराण छापले. आणि आपल्याकडे खिशात मावणारा हरिपाठ किंवा मनाचे श्लोक वापरणाऱ्या वारकऱ्याला चिमुकल्या पुस्तकाचे कौतुक कुणी समजावून सांगायला नको. अमेरिकेतले संग्राहक साधारणपणे तीन इंचांपेक्षा मोठे नसलेले पुस्तकच या वर्गात धरतात. पट्टी घेऊन तुमची २३ मोजून पाहा.

ही २३ पुस्तके तुमचा खरा संग्रह आहेत, आणि ती एका बुटांच्या खोक्यातही मावतील. त्यांच्यासाठी एक नोंदवही करा आणि प्रत्येकापुढे करणाऱ्याचे नाव, वर्ष, किती प्रतींपैकी कितवी, कुठे घेतले, काय दिले आणि कोणता कागद वापरला हे लिहा. वीस वर्षांनी हे कुणाला द्यायचे किंवा विकायचे ठरले, तर या वहीवाचून ती नुसती गोड खेळणी ठरतील. स्वतः शिवलेल्या सहांचीही नोंद करा. ती वगळाल हे मला आत्ताच दिसते आहे.

ट्रंकेतल्या कागदाचे पुस्तक मात्र करा, फक्त प्रतीवरून करा. चोपडीची पाने, पोस्टकार्डे आणि पत्रिका ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, म्हणजे अक्षर लहान केले तरी तुटणार नाही. पाने ठिसूळ असतील तर चोपडी स्कॅनरवर उताणी दाबू नका, दिवसाच्या उजेडात फ्लॅशशिवाय वरून फोटो घ्या. छपाईसाठी ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम) आसपासचा पातळ कागद घ्या. जाड हातकागदाचा मोह मुखपृष्ठापुरताच ठेवा, कारण एवढ्या लहान आकारात जाड पाने उघडतच नाहीत, पंख्यासारखी ताठ उभी राहतात. कागदाचे तंतू पुस्तकाच्या पाठीला समांतर जातील असा कापा. हे चुकले की पुस्तक मिटत नाही, आणि दोष शिवणीवर येतो. कागद हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून पाहिला की जी घडी निमूटपणे पडते, ती तंतूंना समांतर असते. बांधणीला कणकेची किंवा मैद्याची खळ वापरा, ती पाण्याने सुटते आणि चूक दुरुस्त करता येते. पुण्याच्या शिवाजीनगरला १९४० पासून असलेल्या हातकागद संस्थेचा कागद मुखपृष्ठाला छान बसतो, पण तो विकत घ्यायचा तीन महिने संपल्यावर.

यजमानांशी बोलताना ‘माझा छंद तुम्हाला समजत नाही’ इथून सुरुवात करू नका. नव्या घरातले एक कपाट किंवा एक खण मागा, त्याची लांबी-रुंदी सांगा, आणि त्यापलीकडे काही जाणार नाही हे स्वतःहून कबूल करा. ११ खोक्यांतून एका खणापर्यंत यायला तुम्हाला तीन-चार रविवार लागतील. पहिल्या रविवारी फक्त तिसरे खोके उघडा.

आणि त्या चोपडीवरून पुस्तक कराल, तेव्हा एकदम दोन प्रती शिवा. शेवटच्या पानावर आजोबांचे नाव, गाव, मूळ कागद कुठे ठेवला आहे ते आणि शिवणाऱ्याचे नाव लिहा. दुसरी प्रत भावाला द्या. ट्रंकेत काय निघाले ते तुम्हाला सांगितले त्यानेच.